अंबाडीचा वास

गावच्या मंडईच्या, हिवाळ्यातल्या जत्रेच्या, दिवशी सकाळी दामिनी पुण्याहून घरी आली आणि बसायच्या आधीच तिने पिशवीतून एक तुकडा काढून खाटेवर ठेवला. मोटारीच्या दाराला आतून जे अस्तर असतं, त्याचा तो तुकडा होता. ताटाएवढा, तपकिरी, उजेडाकडे धरला की त्यात अंबाडीच्या वाखाचे पिवळट धागे दिसत. तिच्या थोरल्या काकाने, केवळरामने, तो उचलला, अंगठ्याने दाबला, उलटा करून पाहिला.

"आपल्याच अंबाडीचा?"

"आपल्याच, मोठे बाबा. वाख आपला, आन त्यात भंगारातल्या मोटारीचे जुने बंपर वितळवून मिसळले. दोन्हीची चादर करायची, तापवायची आन साच्यात दाबायची. नुसत्या प्लास्टिकपेक्षा हलकं होते."

"चांगला गुळगुळीत झाला."

"झाला. पन पास नाही झाला."

हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली, की स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या असलेल्या तिच्या आईला, रुख्माला, ते आधी कळलंच नाही. केवळरामला मात्र कळलं. का नापास झाला हे त्याने विचारलं नाही. कारण त्याला आश्विनापासून ठाऊक होतं. ते कारण थेट पुण्यापर्यंत पोचेल, एवढंच त्याला वाटलं नव्हतं.

"वास मारते," दामिनीच सांगू लागली. "आमच्याकडं एक चाचणी असते. तुकडा काचेच्या बरणीत बंद करून भट्टीत तापवतात. मोटार उन्हात उभी राहिली का आत तेवढीच धग होते ना, म्हणून. मंग झाकण उघडून माणसं वास घेतात आन नंबर देतात. आपल्या बरणीचं झाकण उघडलं आन एक मॅडम उठून बाहेर गेली. सडक्या डबक्याचा वास, मोठे बाबा. मी प्लास्टिक बदलून पाहिलं, भट्टी बदलून पाहिली. वास वाखातूनच येऊन राहिला. कुठं चुकलं, समजलंच नाही."

केवळराम म्हणाला, "तू आधी हातपाय धू. च्या घे. पावने येऊन राहिले."

बाहेर रस्त्यावर गुपचुपचे, म्हणजे पाणीपुरीचे, ठेले लागायला सुरुवात झाली होती आणि भोंग्यावर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. केवळराम त्या आवाजाकडे कान लावून बसला. तुकडा त्याने खाटेवर पालथा ठेवला.

मनिराम, त्याचा धाकटा भाऊ आणि दामिनीचा बाप, गेला तेव्हा दामिनी शाळेत होती. तेरवीच्या पंगतीत, सगळ्या सोयऱ्यांसमोर केवळराम म्हणाला होता की पोरीचं शिक्षण थांबणार नाही. आणि ते त्याने थांबू दिलं नाही. पोरगी इंजिनिअर झाली, मोटारीचे भाग बनवणाऱ्या कंपनीत लागली. दोन वर्षांपूर्वी तिने साहेबांना गळ घातली, की दाराच्या अस्तरासाठी आपण झाडाचा धागा पाहतो आहोत, तर माझ्या गावची अंबाडी एकदा वापरून पाहा. इटियाडोह धरणाच्या नहराचं, कालव्याचं, पाणी आहे, धानाला नालायक अशी वरची बरड जमीन आहे, आणि दोर वळण्यासाठी अंबाडी पेरणाऱ्यांची एक पिढी अजून जिवंत आहे. कंपनी हो म्हणाली. माल पास झाला तर वाख काढायचा छोटा कारखाना जवळच्या कोहमाऱ्याला टाकायचा आणि दामिनीला तिथेच बसवायचं, असं ठरलं. मग रुख्माने मागची खोली सारवून काढली होती. लेक रोज घरी जेवायला येणार होती.

गावात घरोघर फिरला तो केवळराम. लोकांनी बरड मोकळी करून दिली ती त्याच्या शब्दावर.

आणि शब्द ही केवळरामची अडचणच होती. उभ्या जन्मात त्याला कुणाला 'नाही' म्हणता आलं नव्हतं. वर्गणीवाल्याला हो, बैल मागणाऱ्याला हो, मध्यस्थी करायला बोलावलं तर दोन्ही बाजूंना हो. लोक त्याला भला माणूस म्हणत, आणि तोही स्वतःला तसंच समजत आला होता. गेल्या श्रावणात त्याचा जावई ओमेश कोहमाऱ्याहून आला. त्याचा मासोळीचा धंदा, आणि केवळरामच्या शेतात एक बोडी, म्हणजे छोटं तळं. म्हणाला, "मामाजी, तुमची बोडी खालीच पडली आहे, मासोळीचं बीज सोडू का?" केवळराम हो म्हणाला. आश्विनात अंबाडी कापली, तेव्हा दामिनी म्हणाली, "मोठे बाबा, सगळ्यांचे भारे आपल्या बोडीतच भिजवायचे, वाख सुटेपर्यंत. एकीकडून नहराचं पाणी आत, दुसरीकडून बाहेर. पाणी वाहतं पायजे, तेवढं एक सांभाळा." त्यालाही तो हो म्हणाला. बोडी मोठी आहे, होऊन जाईल दोघांचं, असं त्याला वाटलं.

झालं नाही. अंबाडी भिजायला लागली आणि पाणी काळं पडलं.

दुपारी ओसरीवर पंगत बसली. केवळरामची लेक नीतू वाढत होती, तिची आई सुशिलाबाई चुलीपासून पातेली पुढे सरकवत होती. ओमेश सकाळीच आला होता, आणि येताना स्वतः जाळं टाकून मासोळ्या घेऊन आला होता. मंडईला बोडीची पहिली मासोळी सासुरवाडीच्या ताटात पडावी, अशी त्याची हौस. त्याच्या शेजारी केवळरामचा मुलगा चंद्रकुमार, त्याच्या पलीकडे दामिनी. रुख्मा नेहमीसारखी आत, दाराआड. केवळराम तिचा भासरा, थोरला दीर. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्याशी कधी समोरासमोर बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तर जावेला सांगायची, "बाई, त्याइले म्हणा," आणि तो शेजारीच बसलेला असला तरी सुशिलाबाई ते त्याला पुन्हा सांगायची.

"खा दामिनी, लाजू नोको," ओमेश म्हणाला. "आपल्या बोडीतली आहे. पुण्यात असा रस्सा भेटते का?"

"नाही भेटत, जिजाजी." दामिनी खरंच भुकेली होती. तिने दुसऱ्यांदा रस्सा घेतला.

"हे मासे आज ताटात आहेत ते मामाजीच्या कृपेनं," ओमेश सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. सासऱ्याचं कौतुक करायची त्याला मनापासून इच्छा होती. "आश्विनात पानी खराब झालं होतं. मासोळ्या वर तोंड काढून राहिल्या होत्या. मी फोन केलो, आन मामाजीनं दुसऱ्याच दिवशी सगळी अंबाडी काढून खदानीत नेऊन टाकली. एकदम टाइम पे. नाई तं सगळा माल उलटा पडला असता."

दामिनीचा हात ताटातच राहिला.

"कोणत्या खदानीत?"

"तुमच्या गावचीच ना. मुरमाची."

ती खदान गावातल्या सगळ्यांना माहीत होती. रस्त्यासाठी मुरूम काढून पडलेला खड्डा. पावसाचं पाणी साचून हिरवं झालेलं, दुपारच्या वेळी त्यात म्हशी बसलेल्या. चंद्रकुमारने मान खाली घातली. ट्रॉली त्यानेच नेली होती.

"मोठे बाबा?" दामिनी म्हणाली.

केवळरामने घास खाली ठेवला. "धुतली होती ना बाई मंग. नहरावर नेऊन दोनदा धुतली, वाळवली. वास गेला होता. मी स्वतः वास घेऊन पाहिलो."

"वाळला का वास जातेच. तापला का परत येते."

हे ती कुणाला दोष दिल्यासारखं म्हणाली नाही. इतके दिवस न सुटलेलं गणित सुटावं, तसं म्हणाली. केवळरामला ते जास्त लागलं. ती रागावली असती तर त्याला काहीतरी बोलता आलं असतं.

"तुम्ही फोनवर म्हणाले होते, चांगलं होऊन राहिलं."

"होऊन राहिलं होतं."

"साहेबांनी मला विचारलं होतं, मोठे बाबा. गावातल्या लोकांनी पाणी बदललं असेल का, म्हणून. मी म्हटलं, माझे मोठे बाबा तिथं उभे होते. माझ्या घरी असं होत नाही." ती थांबली. "मंग त्यांनी लिहून टाकलं, का पाणी बरोबर असून वास येते, म्हणजे अंबाडीच या कामाची नाही. ते लिहिणं माझ्याच सांगण्यावर झालं."

नीतू हातात भाताची परात घेऊन तशीच उभी होती. ओमेशला आता कुठे उमगलं होतं की आपण काय बोलून बसलो.

"आता सांग ना मंग त्याइले," चंद्रकुमार म्हणाला. "का बाप्पा, पानी बदललं होतं. आपलीच चूक होती. आखीन एक डाव करून पाहा."

"सांगीन. पण ताग बंगालमधून घ्यायचा ठरला. साचे त्याच्या मापानं बनायला गेले. अन् माझ्या शब्दावर एकदा ऐकलं त्यांनी."

सुशिलाबाई चुलीपासून उठून बाहेर आली. नवऱ्याच्या बाजूने उभं राहायची तिची सवय जुनी होती, आणि लेकीच्या बाजूने उभं राहायची त्याहून पक्की. "मंग का मासोळ्या मरू द्यायच्या होत्या? जवायाची मेहनत नोहोती का त्यात? आपलं आपलं पाहून राहिले सगळे. त्याइनं दोघाइचंही सांभाळलं, तं त्याइलेच बोल."

"आई," ओमेश म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "मले कोनी सांगतलंच नाई का अंबाडीले तेच पानी पायजे म्हणून. मी समजलो, कुठंही भिजते. कोहमाऱ्याले माझी टाकी रिकामी पडली होती. मामाजी फोनवर एक शब्द बोलले असते तं मी गाडी घेऊन आलो असतो आन मासोळ्या नेल्या असत्या. एक दिवसाचं काम होतं."

सुशिलाबाई हळूच नवऱ्याकडे वळली. जावयाकडून हे ऐकल्यावर नवऱ्याला पाठीशी घालायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

"मंग तुमी जवायाले काऊन सांगतलं नाई?"

"मी म्हणलो होतो बाबाले," चंद्रकुमार ताटाकडे पाहत म्हणाला. "ट्रॉली भरताना म्हणलो, दामिनीले फोन करा एकदा. बाबा म्हणे, कायले पोरीच्या जीवाले घोर लावतं."

"घोरच लावला असता तं बरं झालं असतं," सुशिलाबाई म्हणाली आणि आत गेली. पण तिथे दारात रुख्मा उभी होती, आणि रुख्मा बाजूला झाली नाही. जावेला वाट न देता ती उंबऱ्याच्या बाहेर आली. डोक्यावरचा पदर तिने पुढे ओढला होता, चेहरा अर्धा झाकलेला, तरी ती थेट केवळरामच्या समोर येऊन उभी राहिली. पंगतीतल्या कुणालाच काय होतंय ते क्षणभर कळेना.

"भाऊजी," ती म्हणाली.

केवळरामने वर पाहिलं आणि लगेच नजर खाली केली. हा आवाज तो रोज ऐकत होता, भिंतीपलीकडून, विहिरीवरून. स्वतःच्या दिशेने आलेला त्याने आज पहिल्यांदा ऐकला.

"मी याच घरात होती. आंगनात धान वाळवत होती, तवा तुमच्या ट्रॉल्या गेल्या असतीन. मले बाईच्या हातानं सांगतलं असतं तं? मी भारे डोक्यावर नहरावर नेले असते. नसते झाले तं नसते झाले. तुमी म्हटलं असतं का, रुख्मा, बोडीत जमत नाई, तं मले राग नसता आला. तुमी हो म्हणले म्हणून मी बिनघोर राहिली."

ती बोलली ती एवढंच. आवाज चढला नाही. पदर सावरून ती आत निघून गेली.

"मले वाटलं," केवळराम म्हणाला, आणि हे तो कुणाला सांगत होता ते त्यालाही कळलं नाही, "मले वाटलं, दोघाइचंही होऊन जाईन."

नीतूने परात खाली ठेवली. बाहेर मंडईत पोरं पिपाण्या वाजवत होती. दामिनीने ताटातला उरलेला भात संपवला, हात धुतला. बाकीच्यांनीही मग खाल्लं, कारण अन्न टाकून उठणं या घरात कुणी शिकलं नव्हतं. पण मासोळीचं पातेलं जसं होतं तसंच राहिलं.

दुपार कलल्यावर केवळराम मागच्या अंगणात गेला. दामिनी मागच्या खोलीच्या पायरीवर बसली होती. खोलीत रुख्मा लोखंडी पेटीतून लुगडी काढून घड्या घालत होती. ती का घालते आहे हे केवळरामने विचारलं नाही, दामिनीनेच सांगितलं.

"मला चेन्नईच्या बाजूच्या कारखान्यात पाठवून राहिले. आईला घेऊन जातो. आज विचारायलाच आली होती मी, का येतं का म्हणून. मला वाटलं होतं नाही म्हणेल. इतकी वर्षं म्हणतच आली." तिने खोलीकडे एकदा पाहिलं. "आत्ता म्हणाली, चाल."

केवळराम तिच्या शेजारी, पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसला. त्याला बरंच काही सांगायचं होतं. की खदानीत भारे उतरवताना त्याला स्वतःलाच त्या पाण्याचा वास आला होता. की तीनदा त्याने फोन हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला, कारण ओमेशला नाही म्हणायचं तर नीतूच्या संसारात कडवटपणा येईल, आणि दामिनीला नाही म्हणायचं तर मनिरामसमोर तोंड दाखवता येणार नाही. की माणूस हो म्हणतो तेव्हा समोरच्यावर माया असते म्हणून म्हणतो, असं तो आजवर धरून चालला होता, आणि आज पंगतीत बसल्या बसल्या त्याला कळलं होतं की त्यात माया थोडी आणि भीती जास्त होती. लोकांनी आपल्याला वाईट म्हणू नये एवढीच ती भीती.

यातलं तो काहीच बोलला नाही. म्हणाला, "तिकडं पानी कसं आहे? तुझ्या आईले खारं पानी सोसत नाई."

"आहे बरं."

"मले मी... चुकलो, बाई."

"हो," दामिनी म्हणाली. मग पुढे, "माझंही चुकलं. मी विचारायला पाहिजे होतं, का बोडीत दुसरं काही आहे का. तुम्ही हो म्हटलं की मी पुढं विचारत नाही. लहानपणापासूनच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओमेश त्यांना गोंदियाच्या स्टेशनावर सोडायला निघाला. सुशिलाबाई, जिचं चुलीवरून, पाण्यावरून, आणि कुठल्या सुनेला आधी लुगडं आलं यावरून रुख्माशी अर्धं आयुष्य बिनसलेलं होतं, ती पहाटेपासून पोहे, पापड्या, लाखोळीची डाळ असं बांधून देत होती आणि मधे मधे डोळे पुसत होती. "तिकडं भात वेगळा राहते म्हणे," ती म्हणाली. "आपला तांदूळ नेजो. संपला का सांगजो, चंदू पाठवीन." रुख्मा तिच्या गळ्यात पडली. दोघी बराच वेळ तशाच राहिल्या.

केवळराम गाडीपाशी उभा होता. एक शब्द म्हणावा, जाऊ नको म्हणावं, एवढं त्याच्या ओठावर आलं होतं. पण रुख्मा गाडीत बसता बसता जावेकडे वळून म्हणाली, "बाई, त्याइले इचारा, मागच्या खोलीची चाबी कोनापाशी देऊ?"

तो हातभर अंतरावर होता. सुशिलाबाईने त्याच्याकडे पाहिलं, पण प्रश्न पुन्हा सांगितला नाही. त्यानेच पुढे हात केला. रुख्माने चावी जावेच्या हातात ठेवली, जावेने त्याच्या. दामिनी त्याच्या पाया पडली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढायला विसरला, तेव्हा तिनेच तो हळूच बाजूला केला.

गाडी नहराच्या पुलावरून वळली आणि दिसेनाशी झाली. चंद्रकुमार शेताकडे गेला. सुशिलाबाई घरात गेली. केवळराम रस्त्यातच उभा राहिला. मंडई उठत होती. ठेलेवाले काठ्या सोडवत होते, रस्त्यावर कागदी द्रोण पसरले होते.

पलीकडच्या आळीतली निर्मलाबाई लुगड्याच्या ओच्यात काहीतरी घेऊन आली. नवरा गेलेली, एकटी राहणारी बाई. बरड मोकळी करून देणाऱ्यांत तिचा तुकडा सगळ्यात लहान होता, आणि तिला पटवायला केवळरामला सगळ्यात जास्त वेळा जावं लागलं होतं.

"दामिनी गेली वाटते," ती म्हणाली. "मी म्हणलं, भेटून घेतो तं उशीरच झाला." तिने ओचा उघडून दाखवला. अंबाडीचं बी होतं. निवडलेलं, पाखडलेलं, काळंभोर. "चांगलं चांगलं ठेवली. दादाजी, पुढच्या साली सारी बरड पेरू का? उडीद नाई टाकत मंग."

केवळरामच्या तोंडात 'पेर ना' आलंच होतं. आज हो म्हटलं असतं तर बाई हसत घरी गेली असती, आणि पेरणीला अजून सहा महिने होते.

"नोको पेरू, निर्मलाबाई," तो म्हणाला.

"काऊन?"

"माल नापास झाला. कंपनी घेत नाई आता. तुझ्या अंबाडीत खोट नोहोती. पानी मी बदललो. खदानीत टाकलो तिले, तिथं सडली ती. दामिनीले मी सांगतलं नाई, तुमाले कोनालेच सांगतलं नाई."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्याला वाटलं, आता ती बोलेल. आमाले कायले पेराले लावलं मंग, असं विचारेल, चार माणसं गोळा होतील. त्याची तयारी होती. बाकीच्या घरीही त्याला आजच जायचं होतं.

निर्मलाबाईने ओच्यातलं बी एकदा हाताने खालीवर केलं. मग ओचा पुन्हा गुंडाळून घेतला.

"बरं," ती म्हणाली. "मंग भाजीपुरती पेरीन."